मध्यम मुदतीची गुंतवणूक म्हणून घर घ्यावे का? जालना परिसरातील कुटुंबांसाठी काही विचार



मनोरा बांधू इच्छिणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा हिशेब करतो; तो केला नाही आणि पाया घालून काम अर्धवट राहिले, तर पाहणारे त्याची थट्टा करतात, असा दृष्टान्त प्रभू येशूने दिल्याचे संत लूककृत शुभवर्तमानात (१४:२८-३०) आपण वाचतो. शिष्यत्वाची किंमत समजावी म्हणून प्रभूने तो सांगितला. परंतु त्यासाठी त्याने घरबांधणीचा हिशेब निवडला, कारण ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येकाला तो ठाऊक होता. आजही आपल्या कुटुंबांच्या आयुष्यात याहून मोठा आर्थिक निर्णय क्वचितच येतो.

गेल्या काही वर्षांत जालना जिल्ह्यात हा प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे आला आहे. कोणी शिक्षक किंवा परिचारिका निवृत्त होते आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम एकदम हाती येते. कोणाची जमीन महामार्गासाठी संपादित होऊन मोबदला मिळतो. कोणाचा मुलगा पुण्यात किंवा आखाती देशात नोकरी करून पैसे पाठवतो. डोक्यावर छप्पर आधीच असते. तेव्हा नातेवाईक सुचवतात, ‘‘एखादे घर घेऊन टाका, पाच-सात वर्षांत भाव दुप्पट होईल.’’ हा सल्ला कधी खरा ठरतो आणि कधी कुटुंबाला अडचणीत आणतो, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

राहते घर आणि गुंतवणुकीचे घर

प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. राहण्यासाठी घेतलेल्या घराचा लाभ रोज मिळतो. भाडे वाचते, मुलांची शाळा स्थिर राहते, म्हातारपणी हक्काचा आसरा मिळतो. अशा घराचा बाजारभाव थोडा खाली गेला तरी कुटुंबाचे फारसे बिघडत नाही. ज्यांना स्वत:चे घर नाही आणि ज्यांना दहा-पंधरा वर्षे त्याच गावी राहावयाचे आहे, त्यांनी आपल्या ऐपतीत घर घेणे बहुधा योग्यच असते.

गुंतवणुकीचे घर निराळे. ते विकले जाईल त्या दिवशीच त्याचा लाभ कळतो. म्हणून पाच-सात वर्षांच्या मुदतीसाठी घर घेणाऱ्याने आज काय भावाने मिळते यापेक्षा, त्या दिवशी ते कोण विकत घेईल आणि मला ते विकण्याची घाई असेल का, हे आधी विचारले पाहिजे. मध्यम मुदतीचा पैसा हा बहुधा तारीख ठरलेला पैसा असतो. मुलीचे नर्सिंगचे शिक्षण, मुलाचे लग्न, आईवडिलांचे आजारपण ही ती कारणे. घराची एक खोली विकून महाविद्यालयाचे शुल्क भरता येत नाही. विकायचे तर सबंध घर विकावे लागते आणि गरजू विक्रेत्याला योग्य भाव क्वचितच मिळतो.

जालन्यात भाव कशामुळे हलतात?

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. व्यापार, बियाणे उद्योग आणि भंगारापासून लोखंडी सळया तयार करणारे कारखाने यांवर या शहराची भरभराट उभी आहे. दिनांक १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि २०२३ मध्ये शहराला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाला. मुंबईकडे जाणारी वंदे भारत गाडी डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याहून सुरू झाली आणि २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढवण्यात आली. जालना-जळगाव या नव्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. या साऱ्या गोष्टी आशादायक आहेत.

मात्र घोषणा, पायाभरणी आणि प्रत्यक्ष रोजगार यांत पुष्कळ अंतर असते. जालन्याच्या ड्राय पोर्टची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली. त्या वेळी परिसरातील प्लॉटची जाहिरात ‘ड्राय पोर्टजवळ’ अशी होऊ लागली, पण काम वर्षानुवर्षे लांबले. पाच वर्षांत पैसे परत हवे असलेल्या माणसासाठी दहा वर्षांनी पूर्ण होणारा प्रकल्प उपयोगाचा नसतो. शिवाय प्रकल्पाची बातमी वृत्तपत्रात येईपर्यंत जमिनीच्या भावात ती बहुधा मिसळलेली असते.

या शहराचा इतिहासही हेच सांगतो. हैदराबाद कंटिंजंटची छावणी जालन्यात होती, तेव्हा तिच्याभोवती बाजार आणि वस्ती वाढली. १९०३ मध्ये ती छावणी उठली. ज्या कारणामुळे एखाद्या ठिकाणी घरांना मागणी असते, ते कारण निघून गेले की भिंती तेवढ्या उरतात. म्हणून घर पाहताना विचारावे, ‘‘येथे राहावयास कोण येणार आहे आणि तो कोठे काम करणार आहे?’’

आणखी दोन गोष्टी आपल्या भागात विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली गोष्ट पाण्याची. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहर टँकरवर जगले आणि जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. घाणेवाडी तलाव आणि जायकवाडीहून येणारी जलवाहिनी यांवर शहराचा भार आहे. नव्या वसाहतीत नळ कधी येतो, किती दिवसांआड येतो आणि कूपनलिकेला मे महिन्यात पाणी असते का, याची चौकशी उन्हाळ्यातच करावी. पाणी नसलेल्या घराला भाडेकरूही मिळत नाही आणि ग्राहकही मिळत नाही. दुसरी गोष्ट मोकळ्या जमिनीची. मुंबईत जागा मर्यादित आहे. जालन्याच्या चारही बाजूंना, अंबड, मंठा, भोकरदन आणि छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यांलगत, नवे प्लॉटिंग होऊ शकते. आपले सात वर्षांचे जुने घर विकावयास निघू तेव्हा त्याची स्पर्धा शेजारच्या कोऱ्या घराशी असेल.

एक सरळ हिशेब

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून हा हिशेब पुन्हा करावा.

समजा, घराची किंमत ३० लाख रुपये आहे. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरले तर १ लाख ८० हजार आणि नोंदणी शुल्क ३० हजार रुपये होते. वकील, बँकेचे शुल्क, वीजमीटर, किरकोळ दुरुस्ती यांना ९० हजार धरू. म्हणजे घर ३३ लाखांना पडले. त्यांपैकी ९ लाख रुपये आपण पदरचे घातले आणि २४ लाखांचे गृहकर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे २०,८३० रुपये येतो.

सहा वर्षांत आपण सुमारे १५ लाख रुपये हप्त्यांपोटी भरतो. परंतु त्यानंतरही कर्जाची शिल्लक सुमारे २० लाख ४० हजार असते. भरलेल्या १५ लाखांपैकी जवळजवळ ११ लाख ४० हजार व्याजात जातात आणि मुद्दल फक्त ३ लाख ६० हजारांनी कमी होते. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजाचा असतो, ही गोष्ट बहुतेकांना कर्ज फेडताना कळते. मध्यम मुदतीत तर आपण नेमकी हीच महागडी वर्षे भोगतो.

घर दरमहा ७ हजार रुपये भाड्याने दिले, वर्षातून एक महिना ते रिकामे राहिले आणि घरपट्टी व देखभाल वजा केली, तर वर्षाला सुमारे ६० हजार, सहा वर्षांत ३ लाख ६० हजार हाती येतात. म्हणजे आपल्या खिशातून निव्वळ गेलेली रक्कम झाली २० लाख ४० हजार.

आता घराचा भाव दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढला असे मानू. सहा वर्षांनी ते सुमारे ४० लाख २० हजारांना विकले जाईल. दलाली व इतर खर्च दोन टक्के वजा केल्यास ३९ लाख ४० हजार उरतात आणि त्यांतून बँकेची शिल्लक फेडल्यावर हाती १९ लाख येतात. किंमत दहा लाखांनी वाढली, गावात लोक म्हणाले की फायदा झाला, पण प्रत्यक्षात पदरचे सुमारे १ लाख ४० हजार गेले. हीच ९ लाखांची रक्कम आणि दरमहाचा फरक साडेसहा टक्के व्याजाच्या ठेवीत ठेवला असता तर सहा वर्षांनी सुमारे २७ लाख रुपये जमले असते. त्या ठेवीशी बरोबरी करावयाची तर घराचा भाव दरवर्षी आठ टक्क्यांहून अधिक वाढला पाहिजे.

कर्ज न घेता सर्व ३३ लाख रोख घातले तर तोटा होत नाही. भाडे व विक्री मिळून सुमारे ४३ लाख येतात. ठेवीत मात्र तेच ३३ लाख सुमारे ४८ लाख होतात. या साऱ्यात आयकर धरलेला नाही. या हिशेबावरून घर घेणे नेहमीच तोट्याचे असते, असे म्हणता येणार नाही. समृद्धी महामार्गासारखा रस्ता शेजारून जातो तेथे भाव याहून अधिक वाढू शकतो. परंतु ज्याला तसा भाव वाढण्याचे ठोस कारण दाखवता येत नाही, त्याने केवळ ‘जमीन कधी खाली येत नाही’ या समजुतीवर कर्ज काढू नये.

विक्रीच्या वेळचा कर

घर २४ महिन्यांहून अधिक काळ जवळ ठेवून विकले तर होणारा नफा दीर्घ मुदतीचा मानला जातो. दिनांक २३ जुलै २०२४ पासून त्यावर साडेबारा टक्के कर आहे आणि महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरण्याची पूर्वीची सवलत काढून घेण्यात आली आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घर-जमिनीसाठी मात्र निवासी व्यक्तींना महागाईचा लाभ धरून २० टक्के किंवा तो न धरता साडेबारा टक्के, यांपैकी कमी कर भरता येतो. नफ्याच्या रकमेतून ठरावीक मुदतीत दुसरे राहते घर घेतल्यास करातून सूट मिळू शकते. पण पैसा मुलीच्या शिक्षणासाठी हवा असेल तर या सवलतीचा उपयोग नाही. खरेदीच्या आधीच एखाद्या कर सल्लागाराला विचारणे शहाणपणाचे ठरते. बांधकाम चालू असलेले घर घेतल्यास वस्तू व सेवा कर द्यावा लागतो. परवडणाऱ्या घरांना तो एक टक्का, इतरांना पाच टक्के आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला तो लागू नाही.

कागदपत्रे पाहिल्याशिवाय इसार नको

मराठवाड्यात जमिनीचे प्रकार अनेक आहेत आणि फसगत बहुधा येथेच होते. खालील बाबी वकिलाकडून तपासून घ्याव्यात.

१. सातबारा, फेरफार किंवा मालमत्ता पत्रक कोणाच्या नावे आहे. किमान तीस वर्षांचा शोध अहवाल काय सांगतो.

२. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे इनामी, वतनी किंवा शासनाने दिलेली आहे का. अशा जमिनीच्या विक्रीस सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा वतनी जमिनींशी जुना संबंध आहे. घेणाऱ्याने तसेच विकणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावे.

३. अकृषिक परवानगी आणि मंजूर रेखांकन आहे का. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे करून शंभर किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीसमोर केलेला व्यवहार मालकी देत नाही. गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा २००१ चा आहे आणि २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला तो लागू करण्यात आला. परंतु आपला प्लॉट त्यात बसतो का, हे महापालिकेत प्रत्यक्ष विचारावे.

४. पाचशे चौरस मीटरहून मोठा किंवा आठहून अधिक घरांचा वा प्लॉटचा नवा प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असणे बंधनकारक आहे. मे २०१७ पासून ही व्यवस्था आहे. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी विकासक दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही.

५. तयार इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का.

६. केवळ महिलेच्या नावे निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून मिळते. ३० लाखांच्या घरात ती ३० हजार रुपयांची होते.

कागदावर कमी किंमत दाखवून उरलेले पैसे रोख देण्याची प्रथा अजूनही आढळते. अशा व्यवहारात आपण शासनाशी असत्य वागतो, ही त्यातील नैतिक बाब. व्यावहारिकदृष्ट्याही त्यात नुकसानच आहे. पुढे पूर्ण किमतीने विकताना नफा फुगलेला दिसतो आणि कर आपल्यालाच भरावा लागतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास २०१५ पासून कायद्याने मनाई आहे.

ख्रिस्ती कुटुंब आणि वारसा

येथे एक गोष्ट विशेषत: आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांसाठी सांगणे आवश्यक आहे. आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र न करता वडील वारले तर त्यांच्या मालमत्तेचा एक तृतीयांश भाग विधवेला आणि दोन तृतीयांश भाग मुलांना समान वाट्याने मिळतो. या वाटणीत मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलीचाही तेवढाच वाटा आहे.

बँकेतील ठेव सहज वाटता येते, घर तसे वाटता येत नाही. मुलाने पैसे पाठवले, घर वडिलांच्या नावे घेतले आणि मृत्युपत्र केले नाही, तर पुढे भावंडे एकमेकांसमोर उभी राहतात. मुलगा म्हणतो, पैसे माझे. बहीण म्हणते, नाव बाबांचे. दोघांचेही म्हणणे त्यांच्या जागी खरे असते. म्हणून पैसा कोणाचा, नाव कोणाचे आणि पुढे हक्क कोणाचा, हे खरेदीच्या वेळीच लिहून ठेवावे व मृत्युपत्र करावे. नवरा-बायको दोघांनी मिळून निर्णय घ्यावा. पत्नीला न सांगता केलेली मोठी खरेदी हा केवळ पैशाचा प्रश्न राहत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण

खासगी मालमत्ता बाळगणे ख्रिस्तसभेने कधीही पाप मानलेले नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगाराने काटकसर करून थोडीफार मालमत्ता मिळवावी, याला पाठिंबा दिला. त्याचबरोबर सृष्टीची संपत्ती सर्वांसाठी आहे, हेही ख्रिस्तसभा सतत शिकवत आली आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात घरांच्या टंचाईचा स्वतंत्र उल्लेख केला आणि स्वत:चे घर असणे हे माणसाच्या प्रतिष्ठेशी व कुटुंबाच्या वाढीशी जोडले.

जालन्याच्या मातीत याचे एक जुने उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी शहराजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. ते प्रोटेस्टंट पंथाचे, स्कॉटिश मिशनचे होते. नवख्रिस्ती लोकांना श्रद्धेबरोबर राहावयास जागा आणि पोटाला काम हवे, हे त्यांनी ओळखले होते. घर ही प्रथम माणसाची गरज आहे, ही जाणीव आपण गुंतवणूक करतानाही जपली पाहिजे.

यातून दोन गोष्टी निघतात. भाव वाढण्याची वाट पाहत घर वर्षानुवर्षे कुलूपबंद ठेवण्यापेक्षा ते योग्य भाड्याने द्यावे. त्यात कोणाची तरी सोय होते आणि आपल्यालाही थोडे उत्पन्न मिळते. करारनामा लेखी व नोंदणीकृत असावा. महाराष्ट्रात तो कायद्यानेच आवश्यक आहे. दुसरी गोष्ट, भाडेकरूची जात वा धर्म विचारून घर नाकारू नये. घर शोधताना असे प्रश्न ऐकण्याचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. आपण मालक झालो की तोच प्रश्न दुसऱ्याला विचारणे आपल्याला शोभणार नाही.

निर्णयापूर्वी

इसार देण्यापूर्वी पती-पत्नीने एका संध्याकाळी बसून पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. घरात सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम आणि आजारपणाचा विमा यांची सोय झाली आहे का? भाडे एक वर्ष आले नाही तरी हप्ता भरता येईल का? ठरलेल्या वर्षी घर विकले गेले नाही तर कोणते काम अडेल? येथे भाव का वाढेल, याचे आज दिसणारे एक तरी कारण सांगता येते का? आणि किंमत वाढलीच नाही, तर हे घर आपल्या कुटुंबाच्या राहण्याच्या उपयोगाचे आहे का?

या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर घर अवश्य घ्यावे. एकाही प्रश्नाला उत्तर ‘देवाची कृपा होईल’ असे येत असेल, तर थांबावे. देवाची कृपा मागावी, पण बँकेच्या हप्त्याची हमी म्हणून ती धरू नये. निवृत्तीची किंवा भूसंपादनाची रक्कम सहा महिने बँकेत राहिली तर फारसे बिघडत नाही. घाईने घेतलेले घर मात्र सहा महिन्यांत परत करता येत नाही. सगळी रक्कम एका जागी न घालता काही भाग ठेवीत, काही टपाल खात्याच्या योजनांत आणि उरलेल्यातून झेपेल तेवढे घर, असा मार्गही खुला असतो.

संत योसेफ हा कुटुंबांचा रक्षक आहे. बाळ येशू आणि मरिया मातेसाठी बेथलेहेमात, मिसर देशात आणि नाझरेथात आसरा शोधण्याची जबाबदारी त्याच्यावर होती. आपल्या कुटुंबासाठी असे निर्णय घेणाऱ्या प्रत्येक आईवडिलांना त्याच्या मध्यस्थीने सुज्ञपणा आणि मनाची शांती लाभो, हीच प्रार्थना.